फोडू नका, उघडा

आम्ही दोघे भाऊ. चेंबूर आणि गोवंडीच्या मध्ये, रस्त्याला लागून आमचे गॅरेज आहे. गॅरेज म्हणजे वर पत्रा, खाली शहाबादी फरशी, भिंतीला टांगलेले पाने आणि दारात एक बाकडे. त्या बाकड्यावर गिऱ्हाइकापेक्षा वस्तीतली म्हातारी माणसेच जास्त बसतात. लिहिण्याची आम्हाला सवय नाही. हा मजकूर थोरल्याने सांगितला, धाकट्याने वहीत उतरवला आणि घरातल्या बायकांनी वाचून दोन-तीन ठिकाणी "हे असे नव्हते" म्हणून दुरुस्त केला. म्हणून सगळीकडे 'आम्ही'.

गोष्ट एका कुलपाची आहे. २०१९ च्या मार्च महिन्यात आमच्या गल्लीतल्या काकी सकाळी सकाळी गॅरेजवर आल्या. त्यांच्या मालकांना जाऊन तेव्हा अडीच महिने झाले होते. काकांनी जन्मभर टॅक्सी चालवली. सुरुवातीला दुसऱ्याची, शिफ्टवर; आणि १९९९ साली कर्ज काढून स्वतःची. काळी-पिवळी प्रिमियर पद्मिनी. काका गेल्यापासून ती गाडी वस्तीच्या तोंडाशी, पिंपळाखाली उभी होती. टपावर पाने साचली होती.

काकी म्हणाल्या, "बाळांनो, तेवढी डिकी उघडून द्या. किल्ली सापडत नाही."

आम्ही म्हणालो, "काकी, एवढेच ना? संध्याकाळी येतो."

"एवढेच नाही रे," त्या म्हणाल्या, "सगळे कागद त्या डिकीत आहेत."

कागद डिकीत का?

आपल्यापैकी ज्यांची घरे पत्र्याची आहेत त्यांना हे वेगळे सांगायला नको. काकांची खोली पावसाळ्यात गळायची. २००५ च्या जुलैतल्या पुरात त्यांच्या घरात कमरेएवढे पाणी आले होते, तेव्हा मुलांच्या शाळेचे दाखले भिजून लगदा झाला. तेव्हापासून काकांनी एक पत्र्याची पेटी केली आणि ती टॅक्सीच्या डिकीत, एका कोपऱ्यात बांधून ठेवली. गाडीचे आर.सी. बुक, परमिट, विमा, कर्जाच्या पावत्या, सगळे त्या पेटीत. घरापेक्षा डिकी कोरडी, हा त्यांचा हिशेब. आणि हिशेब चुकीचा नव्हता.

किल्ल्यांचा जुडगा दवाखान्याच्या धावपळीत कुठे पडला कोणाला कळले नाही. गाडी चालू करायची दुसरी किल्ली घरात होती. डिकीची मात्र एकच होती.

घाई होती ती तारखेची. टॅक्सीचे परमिट ज्याच्या नावावर असते तो माणूस वारला, तर मोटार वाहन कायद्याच्या ८२ व्या कलमाप्रमाणे गाडी ज्याच्या ताब्यात येते त्याला तीन महिने ते परमिट वापरता येते. पण त्यासाठी मृत्यूनंतर तीस दिवसांच्या आत परिवहन खात्याला कळवावे लागते. आणि परमिट आपल्या नावावर करून घ्यायचा अर्ज तीन महिन्यांच्या आत द्यायचा असतो. योग्य कारण दाखवले तर उशिरा आलेला अर्जही घेता येतो, अशी सोय कायद्यात आहे. पण सोय आहे म्हणून तिच्या भरवशावर बसू नये, हे ज्याने सरकारी खिडकीसमोर रांग लावली आहे त्याला ठाऊक असते. काकींच्या मुलाने तीस दिवसांत कळवण्याचे काम केले होते. आता अर्ज बाकी होता आणि हातात जेमतेम दोन आठवडे होते. कागदांच्या दुय्यम प्रती मिळतात, नाही असे नाही. पण त्यासाठी आधी पोलिसांत तक्रार, मग अर्ज, मग फेऱ्या. रोजावर जाणाऱ्या मुलाच्या किती खाड्या पडल्या असत्या याचा विचार करा.

गाडी कोणती होती

नव्या मुलांनी ही गाडी फारशी पाहिलेली नाही, म्हणून चार ओळी. मूळ गाडी इटलीची, फियाट ११००. आपल्याकडे ती कुर्ल्याच्या प्रिमियर ऑटोमोबाइल्सच्या कारखान्यात बनायची. जुन्या गोल पाठीच्या फियाटला मुंबईत 'डुक्कर फियाट' म्हणत. १९६४ पासून डिलाइट आली आणि १९७४ पासून तीच गाडी पद्मिनी या नावाने विकली जाऊ लागली. इंजिन १०८९ सीसीचे. टॅक्सीला गिअर स्टिअरिंगच्या दांड्यावर, पुढची सीट सलग लांब. या शतकाच्या सुरुवातीला तिचे उत्पादन थांबले. तेव्हा मुंबईत टॅक्सी म्हणजे पद्मिनी, असे समीकरण होते.

२००० नंतरच्या वर्षांत उच्च न्यायालयाच्या आदेशामुळे मुंबईच्या जुन्या टॅक्सी सीएनजीवर आल्या. गॅसचा सिलिंडर बसवायला जागा एकच, ती म्हणजे डिकी. म्हणून तर पद्मिनी टॅक्सीचे सामान टपावरच्या कॅरिअरवर बांधावे लागे. हा सिलिंडर साधा नव्हे. भरताना त्यात २०० बारपर्यंत दाब असतो. मोटारीच्या चाकात हवेचा दाब असतो दोन बारच्या आसपास. यावरून अंदाज करावा.

काकांच्या गाडीतही सिलिंडर होता. आम्ही बॉनेट उघडून गेज पाहिले तर काटा साठाच्या आसपास होता. म्हणजे आत गॅस होता. सिलिंडरची मुख्य झडप त्या बंद डिकीतच. पुढची झडप आम्ही लगेच बंद केली. पण अडीच महिने उन्हात उभ्या असलेल्या बंद डिकीत थोडा थोडा गॅस झिरपून साठला असेल की नाही, हे बाहेरून कोण सांगणार?

आम्ही हे बोलत होतो तोच काकांचे धाकटे भाऊ, म्हणजे काकींचे दीर, तिथे आले. वस्तीत त्यांना सगळे नाना म्हणतात. नानांनी गाडीभोवती एक फेरी मारली आणि म्हणाले, "त्यात काय एवढे? गॅस कटर आणा, कुलपाभोवती गोल कापा. नाहीतरी वर्षअखेर गाडी भंगारातच जायची आहे."

ते शेवटचे वाक्य खरे होते. मुंबईत टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा २०१३ पासून लागू झाली होती आणि काकांच्या गाडीची वीस वर्षे २०१९ च्या डिसेंबरात भरत होती. पण पहिले वाक्य भयंकर होते. बंद डिकी, आत गॅसचा सिलिंडर आणि वरून कटरची ज्योत! आम्ही म्हणालो, "नाना, कापायचे नाव काढू नका. कागद तर जळतीलच, पण गल्लीही राहायची नाही."

नानांना राग आला. ते म्हणाले, "तुम्हाला जमत नसेल तर तसे सांगा."

तेव्हा आम्ही अट घातली. म्हटले, डिकी उघडू. फोडणार नाही. पण उघडताना काकी, त्यांचा मुलगा आणि नाना, तिघेही समोर पाहिजेत. आणि आत जे निघेल त्याची यादी तिथेच होईल.

नाना म्हणाले, "पंचनामा करता काय?"

आम्ही म्हणालो, "हो, तसेच समजा."

ही अट कुठून आली

ही अट आमची नव्हे, आमच्या वडिलांची. आम्ही त्यांना आबा म्हणायचो. ते महानगरपालिकेत सफाई खात्यात होते.

१९९४ साली आम्ही कुर्ल्याच्या एका गॅरेजात हाताखाली काम शिकत होतो. एक अठरा वर्षांचा, दुसरा सोळाचा. एक दिवस उस्ताद गावाला गेले असताना एक गृहस्थ जुनी डिलाइट घेऊन आले. डिकीचे कुलूप अडकले होते, किल्ली हरवली होती. त्यांना तातडीने उघडून पाहिजे होते. आम्हाला वाटले, उस्ताद नाहीत तर करून दाखवू. विजेचे ड्रिल घेतले, त्यात सगळ्यात जाड बिट लावले आणि थेट किल्लीच्या भोकात घातले.

जाणकारांना पुढचे कळलेच असेल. कुलपाचे घर जस्ताच्या मिश्रधातूचे, ओतीव. ते लोखंडासारखे चिवट नसते. बिट अडकले, आतला गोल तुकडा बिटाबरोबर गरगर फिरला आणि घराला तडा गेला. तरी डिकी उघडेना. मग आम्ही फटीत टॉमी घालून जोर केला. डिकी उघडली, पण झाकणाचा कोपरा पोळीसारखा दुमडला.

एवढ्यावर भागले असते. दुसऱ्या दिवशी ते गृहस्थ आले आणि म्हणाले, डिकीत कॅमेरा होता, तो नाही. त्यांनी मालकाला विचारले, "पोरे कुठली?" मालकाने वस्तीचे नाव सांगितले. नाव ऐकल्यावर पुढे काही विचारायची त्यांना गरज वाटली नाही. आम्हाला चौकीवर नेऊन बसवले. कोणी मारले नाही, पण कोणी ऐकलेही नाही. दोन तासांनी आबा आले. ड्यूटीवरून सरळ, अंगात खाकी कपडे, हाताला झाडूचा वास. त्यांनी साहेबाला एकच प्रश्न विचारला, "साहेब, डिकी उघडली तेव्हा गाडीचा मालक समोर होता का?" मालक समोर नव्हता. तो चहाला गेला होता. "मग कॅमेरा होता हे कोणी पाहिले, आणि नव्हता हे तरी कोणी पाहिले?"

तिसऱ्या दिवशी कॅमेरा त्या गृहस्थांच्या घरीच कपाटात सापडला. तसा फोन गॅरेजवर आला. आम्हाला मात्र कोणी काही बोलले नाही. झाकणाचे तीनशे रुपये पगारातून कापले, ते बरोबर होते. झाकण आम्हीच वाकवले होते. पण ते दोन तास आजही आमच्या हिशेबात बाकी आहेत.

त्या रात्री आबा रागावले नाहीत. जेवताना एवढेच म्हणाले, "कुलूप फोडायला जोर लागतो. उघडायला हात लागतो. आणि आपल्यासारख्याला उघडायचे असेल तर साक्षीदार लागतात. हे तिन्ही असल्याशिवाय दुसऱ्याच्या कुलपाला हात लावू नका." आबा २०११ मध्ये गेले. त्यांची अट आमच्या गॅरेजात अजून चालते. किल्लीशिवाय कुलूप उघडायचे असेल तर गाडीचे कागद किंवा ओळखपत्र पाहतो, मालक समोर उभा करतो आणि वहीत नोंद करून सही घेतो. कोणी हसले तर हसू देतो.

कुलपाच्या पोटात काय असते

मोटारीचे जुने कुलूप कसे चालते ते थोडक्यात सांगतो, म्हणजे पुढचे समजेल. बाहेर एक नळीसारखे घर असते. त्यात एक गोल तुकडा फिरतो, त्याला आम्ही बॅरल म्हणतो. किल्ली त्याच्या पोटात जाते. बॅरलमध्ये पितळेच्या बारीक पट्ट्या आडव्या बसवलेल्या असतात आणि प्रत्येकीला एक केसासारखी बारीक स्प्रिंग असते. किल्ली नसते तेव्हा स्प्रिंगा पट्ट्यांना बाहेर ढकलतात. पट्ट्यांची टोके घराच्या खाचेत अडकतात आणि बॅरल फिरत नाही. बरोबर किल्ली घातली की तिच्या चढ-उताराप्रमाणे प्रत्येक पट्टी आत येऊन बॅरलशी समतळ होते. मग बॅरल मोकळे फिरते आणि मागचा खटका सुटतो.

असे कुलूप अडकते ते दोन-तीन कारणांनी. एक, धूळ. दोन, जस्तावर चढणारी पांढरी भुकटी, तिने बॅरल आणि घर एकमेकांना धरून बसतात. आणि तिसरे कारण आपल्या घरोघरी असते. कुलूप जड झाले की आपण काय करतो? खोबरेल तेलाचे दोन थेंब सोडतो. त्या दिवशी कुलूप चालते. पण तेल काही महिन्यांत चिकट होते, त्यावर धूळ बसते आणि पट्ट्या डिंकात बसल्यासारख्या बसतात. मग आणखी तेल. काकांनीही वीस वर्षे हेच केले असणार. किल्लीच्या भोकातून आम्ही तार फिरवून बाहेर काढली तेव्हा तिला काळा खळीसारखा मळ लागला होता.

पहिल्यांदा आम्ही मागची सीट काढून आतून हात जातो का ते पाहिले. पण सिलिंडर आणि त्याचे पट्टे मध्ये आडवे होते. हात कोपरापर्यंतही जाईना. मग कुलपाकडेच वळलो.

पहिल्या दिवशी फक्त साफसफाई केली. पायपंपाने भोकात हवा मारली. गंज सोडवणारे तेल इंजेक्शनच्या सिरिंजने थेंब थेंब सोडले. हे तेलही पेट घेणारे, म्हणून अगदी थोडे. गाडीजवळ विडी-काडी नाही, विजेचे ड्रिल नाही, मोबाईलसुद्धा लांब. शेजारची मुले गोळा झाली होती, त्यांना पलीकडच्या कट्ट्यावर बसवले. पेचकसाच्या लाकडी मुठीने कुलपावर हलके हलके टिचक्या मारल्या आणि रात्रभर तसेच ठेवले. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. बारीक तारेने एकेक पट्टी चाचपली. सुरुवातीला एकही हलत नव्हती. दुपारपर्यंत तीन उडू लागल्या. संध्याकाळपर्यंत सगळ्या.

पट्ट्या मोकळ्या झाल्या, पण किल्ली कुठे होती? इथे आमची विद्या संपली. आम्ही इंजिनची माणसे. कुर्ल्याचे एक म्हातारे किल्लीवाले आमच्या ओळखीचे. त्यांना सगळे चाचा म्हणतात. मूळचे चिपळूणकडचे, मराठी आमच्यापेक्षा चांगले बोलतात. त्यांना रविवारी रिक्षाने घेऊन आलो.

चाचांची किल्ली

चाचांनी आधी कुलपाला कान लावला, मग एक कोरी किल्ली काढली. रस्त्याच्या पलीकडे, भिंतीच्या आडोशाला बसून मेणबत्तीच्या धुरावर ती काळी केली. मेणबत्ती विझवली, ती पूर्ण विझली हे आम्हाला दाखवले आणि मग गाडीजवळ आले. काजळी धरलेली किल्ली कुलपात घालून अगदी हलक्या हाताने डावी-उजवी हलवली आणि सरळ बाहेर काढली. उन्हात धरून पाहिली. काजळीवर दोन ठिकाणी बारीक ठिपके उमटले होते. तिथे पितळी पट्ट्या घासल्या होत्या. त्या जागी कानशीने दोन-दोन हात मारले. पुन्हा काजळी, पुन्हा कुलूप, पुन्हा कानस.

नाना घड्याळ बघत होते. तासाभराने ते म्हणाले, "अहो चाचा, जरा जोर लावा की."

चाचा मान वर न करता म्हणाले, "जोर लावला की खूण खोटी पडते, नाना. ज्या पट्टीवर ठिपका उमटेनासा होतो तिथे थांबायचे. एक घास जास्त मारला की किल्ली वाया गेली. कापलेले पितळ परत चिकटवता येत नाही."

दोन किल्ल्या वाया गेल्याच. तिसरी दुपारी एकच्या सुमाराला जुळली. काजळीवर ठिपका उमटेना. चाचा म्हणाले, "आता सगळ्या पट्ट्या बसल्या. फिरायला पाहिजे." त्यांनी किल्ली फिरवली. बॅरल पाव इंच फिरले आणि थांबले. पुन्हा फिरवली, पुन्हा तिथेच. आम्ही दोघांनी पाहिली, तसेच. आणखी जोर केला तर कोरी पितळी किल्ली आत तुटणार हे हाताला कळत होते. तशी तुटली असती तर तीन दिवसांचे काम पाण्यात.

नाना म्हणाले, "झाले? आणू का कटर?"

आम्ही गप्प होतो. चाचाही गप्प होते. काकी तीन दिवस त्या पिंपळाच्या पारावर बसून होत्या. पाणी, चहा त्याच आणत होत्या. त्या उठल्या आणि हळूच म्हणाल्या, "ते गुडघा लावायचे."

"काय काकी?"

"झाकणाला. गुडघ्याने झाकण खाली दाबायचे आणि मग किल्ली फिरवायचे. मी कितीदा म्हणायचे, पँट मळते तुमची."

आम्ही एकमेकांकडे पाहिले. एवढी साधी गोष्ट! डिकीच्या झाकणाचे रबर जुने होऊन फुगले की ते झाकणाला आतून वर रेटते. सगळा ताण खटक्यावर येतो आणि खटका सुटत नाही. झाकण खाली दाबले की ताण उतरतो. हे आम्हाला माहीत नव्हते असे नाही. पण तीन दिवस आम्ही कुलपाशी बोलत होतो. ज्या बाईने ती डिकी वीस वर्षे उघडताना पाहिली होती तिला आम्ही एकदाही विचारले नव्हते.

थोरल्याने झाकणावर गुडघा टेकला. चाचांनी किल्ली फिरवली. 'खट्' झाले.

झाकण दोन बोटे उचलून आम्ही सगळ्यांना मागे सरकवले. सीएनजी हवेपेक्षा हलका, वर निघून जातो. पाच-दहा मिनिटे तसेच थांबलो. मग झाकण पूर्ण उघडले आणि आधी सिलिंडरची मुख्य झडप बंद केली. तेव्हा कुठे श्वास घेतला.

पेटीत काय निघाले

यादी धाकट्याने लिहिली. एक स्टेपनी. एक जॅक. दोन पाने. पाण्याचा कॅन. पिवळे फडके. चपलांचा एक जोड. काकांचे धुतलेले, घडी केलेले खाकी शर्ट, एक. आणि पत्र्याची पेटी.

शर्ट काकींनी हातात घेतले आणि पेटीकडे पाठ करून उभ्या राहिल्या. पेटी मुलाने उघडली. प्लास्टिकच्या पिशवीत सगळे कागद कोरडे होते. आर.सी. बुक, परमिट, विमा, सिलिंडरच्या तपासणीचा दाखला, कर्ज फिटल्याचे पत्र. आणि सगळ्यांत खाली एक शंभर पानी वही.

वहीच्या पहिल्या पानावर काकांच्या हातची नोंद होती. १९९९ साली गाडी घेताना धाकट्या भावाकडून वीस हजार घेतले. पुढे एकेक हप्ता, तारीख घालून. पाचशे, हजार, दिवाळीला काही नाही, मुलीच्या लग्नाच्या वर्षी काही नाही. शेवटचा आकडा, फेडले चौदा हजार, बाकी सहा हजार.

नाना इतके दिवस का चिडत होते ते तेव्हा आम्हाला कळले. भावाला पैसे दिले होते, पण कागद नव्हता. परमिट वहिनीच्या नावावर गेले की आपले पैसे बुडाले, असे त्यांना वाटत होते. आणि मागायला तोंड होत नव्हते. वही मुलाने मोठ्याने वाचली. काकी वही मिटवून ठेवू शकल्या असत्या. नानांना ती असल्याचे माहीतही नव्हते. त्या म्हणाल्या, "यादीत लिहा रे बाळा. वही एक. आणि आकडाही लिहा."

नानांनी यादीवर सही केली. चष्मा पुसला. मग म्हणाले, "वहिनी, अर्जाला साक्षीदार लागला तर मी येतो."

अर्ज मुदतीत गेला. परमिट काकींच्या नावावर झाले. वर्षअखेर जुनी गाडी निघाली, तेव्हा परवानगी घेऊन त्याच परमिटवर दुसरी गाडी घातली. ती मुलगा चालवतो. नानांचे सहा हजार दीड वर्षात फिटले. शेवटचा हप्ता मुलाने त्याच वहीत, वडिलांच्या अक्षराखाली लिहिला.

भंगारात गाडी जायच्या आदल्या दिवशी आम्ही सिलिंडर सीएनजीच्या जाणकार वर्कशॉपमध्ये उतरवून घेतला. मग डिकीच्या झाकणातून ते कुलूप सोडवले. आतल्या बाजूने नट गंजले होते, त्यांनाही एक रात्र तेलात ठेवले. कुलूप अखंड निघाले. रॉकेलमध्ये धुतले, वाळवले, तेल न घालता पेन्सिलीच्या शिशाची पूड टाकली आणि चाचांच्या किल्लीसह काकींना दिले. आता लोण्यासारखे फिरते. काकींनी ते काकांच्या तसबिरीखाली ठेवले आहे.

२०२३ च्या ३० ऑक्टोबरपासून मुंबईच्या रस्त्यावर पद्मिनी टॅक्सी उरली नाही. शेवटची गाडी २९ ऑक्टोबर २००३ ला ताडदेवच्या आर.टी.ओ.त नोंदली गेली होती, तिची वीस वर्षे भरली. त्या दिवशी काकींचा नातू कुलूप घेऊन गॅरेजवर आला आणि विचारू लागला, हे कसे उघडले सांगा. म्हणून हे सगळे आठवले आणि लिहून काढावेसे वाटले.

वाचकांसाठी चार गोष्टी

कुलूप जड झाले तर खोबरेल किंवा इंजिनचे तेल घालू नका. आधी धूळ काढा, मग ग्रॅफाइटची पूड किंवा मऊ पेन्सिलीचे शिसे कुटून घाला. अडकलेल्या जुन्या कुलपाला ज्योत दाखवू नका. जस्ताचे ओतकाम ४०० अंशांच्या आतच वितळते. गाडीची टाकी किंवा सिलिंडर जवळ असेल तर ठिणगी उडेल असे कोणतेही हत्यार नको. ड्रिल हा शेवटचा उपाय, आणि तोही कुलूप गाडीपासून सोडवून बाकावर घेतल्यावर. आधी पंचने खूण, मग बारीक बिट, मग जाड.

दुसऱ्याचे कुलूप उघडायचे झाले तर मालक समोर हवा आणि नोंद हवी. हे मालकासाठी जितके तितकेच आपल्यासाठी.

घरातल्या कागदांची एक जागा असू द्या, आणि ती जागा व तिची किल्ली घरातल्या दोन माणसांना तरी ठाऊक असू द्या. एक त्यातली बाईमाणूस असावी.

आणि शेवटचे. अडकलेल्या कुलपाशी बसण्याआधी, ते रोज उघडताना ज्यांनी पाहिले आहे त्यांना विचारा. आम्ही तिसऱ्या दिवशी विचारले. तेही आम्ही नव्हे, काकींनीच सांगितले.